डाव्या कोपऱ्याचा गुडघा

आम्ही त्याला कोपऱ्या म्हणायचो. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. राजूरच्या संघात डाव्या कोपऱ्यात तो आणि त्याच्या शेजारी मी, असे सहा वर्षं हातात हात घालून खेळलो. कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगतो. चढाईवाला आत आला की बचावातले गडी सुटे सुटे उभे नसतात. कोपऱ्यातल्याचा एक हात शेजाऱ्याच्या हातात असतो, त्याला साखळी म्हणतात. तोंडाने बोलायची सोय नाही, समोरचा ऐकतो. म्हणून बोटांनी बोलायचं. आमचं ठरलेलं होतं : तळहात एकदा दाबला तर 'थांब', दोनदा दाबला तर 'मी पायात जातो, तू वाट अडव'. दोनदा दाबल्यावर विचार करायचा नसतो. तो घोट्याला झोंबणार आणि मी परतीच्या वाटेवर आडवा जाणार.

त्याची घोट्याची पकड बघण्यासारखी होती. मांजर बसावं तसा आवाज न करता खाली जायचा, एका हातात घोटा, दुसऱ्यात टाच, आणि समोरच्याचा पाय स्वतःच्या पोटाशी ओढून घ्यायचा. भोकरदनपासून जाफराबादपर्यंतचे चढाईवाले आमच्या डाव्या बाजूला बोनस घ्यायला कचरायचे.

एका स्पर्धेत मॅटवर खेळायची वेळ आली. आम्ही मातीतले. मातीत पाय घसरतो, मॅटवर बूट रुततो. त्याचा बूट रुतला, अंग फिरलं आणि गुडघा मधल्या मधे अडकला. वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो मला ऐकू आला, बाकी कुणाला नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, की आतला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन करावं लागेल आणि पुढे नऊ महिने मैदान बंद. हे मला फार नंतर कळलं. आम्हाला त्याने सांगितलं, "मुरगळलाय." तीन महिन्यांत परत आला. आतून इलॅस्टिकची पट्टी, वरून लांब ट्रॅकपँट. एवढ्या उन्हात ट्रॅकपँट कशाला, विचारलं तर म्हणाला, "फॅशन." जिल्ह्याची निवड चाचणी काही महिन्यांवर आली होती. घरी दोन एकर कोरडवाहू आणि खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागायचं, एवढंच स्वप्न. आज मी त्याला दोष देत नाही. तेव्हा दिला, भरपूर दिला.

कारण उपांत्य सामन्यात त्याने माझा तळहात दोनदा दाबला. मी गेलो. तो गेलाच नाही. गुडघा आतून सुटला आणि तो जागच्या जागी बसला. परतीच्या वाटेवर मी एकटा, आणि ऐंशी किलोचा चढाईवाला पूर्ण वेगात. त्याचा गुडघा माझ्या हासळीवर बसला. हाड मोडलं. दवाखान्यात नेताना टेम्पोत माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं, तेव्हा तो पहिल्यांदा खरं बोलला, "मह्या पायात दोरच नाही राह्यला." मी डोकं उचलून पत्र्यावर ठेवलं.

पुढचे दोन महिने माझा एक हात गळ्यात आणि दुसऱ्या हातात मोबाइल. जखमी खेळाडूंचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. त्यात बर्फावरची हॉकी सापडली. गोलकीपर धरून सहा-सहा गडी, पायात पात्यांचे बूट, आणि पुढचे दात शाबूत असलेला म्हातारा खेळाडू विरळाच. तिथे बचावपटू मागे राहून दार राखतो. आमच्या कोपऱ्यासारखंच काम. त्यातला सगळ्यात मोठा कॅनडाचा बॉबी ऑर. १९६६ मध्ये अठराव्या वर्षी बोस्टनच्या संघात आला आणि पहिल्याच हंगामात डावा गुडघा दुखावला. तरी सलग आठ वर्षं सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याचाच. बचावात खेळून त्याने अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुणही मिळवले, तेही दोनदा. असं दुसऱ्या कुठल्या बचावपटूला आजवर जमलेलं नाही. १९७० च्या अंतिम सामन्यात विजयी गोल मारल्यावर हवेत आडवा झालेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. बोस्टनमध्ये त्या उडीचा पुतळाच उभा केलाय. पण गुडघ्यावर डझनभर शस्त्रक्रिया झाल्या आणि तिशीत सगळं संपलं. १९७६ मध्ये तो कॅनडा चषक त्याच गुडघ्यावर खेळला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम ठरला. गुडघा गेलाय, हे मात्र त्याच्याबरोबर खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी शिकागोच्या संघात गेला, तिथे तीन हंगामांत जेमतेम २६ सामने खेळू शकला. शिकागोचे पगाराचे चेक त्याने वटवलेच नाहीत, असं सांगतात. खेळलो नाही तर पैसे कशाचे?

आपल्याकडेही हे आहेच. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. १९५६ च्या मेलबर्नला ते गुडघ्यामुळे जाऊ शकले नाहीत, हे किती जणांना माहीत आहे? पदकाचा फोटो निघतो, गुडघ्याचा कोण काढणार!

असो. तेव्हा हे सगळं वाचून माझा राग वाढला होता. माझ्या शेजाऱ्याने मला एवढंही सांगितलं नव्हतं.

मग अंगारकी आली. राजूरची अंगारकी म्हणजे आदल्या रात्रीपासून जालन्याहून माणसांची रांग, पंचवीसेक किलोमीटर पायी, कितीतरी जण अनवाणी. टेकडीच्या पायथ्याशी कोपऱ्याची आजी दूर्वा, जास्वंद आणि देवाचे फोटो विकायची. मी दर्शन घेऊन उतरलो तर तिच्या शेजारी कोपऱ्या, पाय लांब करून बसलेला. मी मान वळवून निघालो. आजीने हाक मारली, "ए हासळ्या, इकडं ये." नाइलाज झाला.

तिने विकायच्या ढिगातला एक फोटो उचलून माझ्या हातात दिला. "दात किती?"

"एक."

"दुसरा कामून गेला?"

ही गोष्ट राजूरच्या पोराला विचारायची असते का? तरी म्हणालो, "परशुरामाने तोडला."

"हां. आत बाप निजलेला. हा दारात आडवा. परशुराम म्हणला, सरक. हा म्हणला, नाही. त्यानं कुऱ्हाड फेकली. कुऱ्हाड बापानंच दिलेली, ती वाया कशी जाऊ द्यायची, म्हणून यानं दातावर झेलली. दार राखणाऱ्याला लागतंच, बाबा. त्यात काय नवल नाही." मग ती नातवाकडे वळली. "मोडलेला तुकडा कुठं ठिवला त्यानं?"

कोपऱ्या गप्प. आजीने फोटोच्या काचेवर बोट आपटलं. खालच्या उजव्या हातात, मोदकाच्या बरोबर समोर, पांढरा तुकडा. मी हजार वेळा पाहिलेला फोटो, पण त्या हातात काय आहे हे कधी बघितलं नव्हतं.

"कानामागं दडवला नाही. ट्रॅकपँटीत तर नाहीच नाही," आजी म्हणाली. "हातात धरून बसलाय. येईल त्यानं पाहावा." आणि लगेच, "दे, त्या बाईला दोन जुड्या दे. बसलाय नुसता."

कोपऱ्याने दूर्वा दिल्या, सुटे पैसे मोजले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाचणीला नाही जात. ऑपरेशन करून घेतो." माफी वगैरे काही मागितली नाही. मीही मागायला लावली नाही.

नोकरीचं स्वप्न तिथेच गेलं. तो पुन्हा उभा राहिला तो अकरा महिन्यांनी. दोन हंगाम खेळला. आधीची ती मांजराची चाल राहिली नाही, पण सामन्याआधी रिंगण करून उभं राहिलो की तो सगळ्यांसमोर सांगायचा, "आज पाय चांगलाय," किंवा "आज पायात जाणार नाही, हात धरीन." त्याप्रमाणे आम्ही जागा बदलायचो. तिसऱ्या हंगामात गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. रिंगणात तो म्हणाला, "आज मला बसवा." आम्ही चिडलो, विनवण्या केल्या. तो पट्टी सोडून बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी आलेला पोरगा कच्चा होता. आम्ही हरलो. उपविजेत्यांच्या बक्षिसाचे वाटे करताना कोपऱ्याने आपला वाटा त्या पोराच्या खिशात कोंबला. तेव्हा मी त्याला बॉबी ऑरच्या चेकची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "त्याला परवडत असंल." पण वाटा परत घेतला नाही.

आता तो जालन्यात एका लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. मी शाळेत खेळ शिकवतो. रविवारी तो राजूरला येतो आणि माझ्या पोरांना घोट्याची पकड दाखवतो, स्वतः उभ्या उभ्या, पोरांना खाली बसवून. सुरुवातीला रिंगण होतं आणि ज्याचं जे दुखतंय ते त्याने सर्वांसमोर सांगायचं असतं. आधी पोरं लाजायची.

परवा सहावीतला एकजण म्हणाला, "सर, मह्या टाचेला फोड आलाय." आमचा तो डावा कोपरा. त्याला बाहेर बसवलं आणि तो सामना आम्ही चार गुणांनी हरलो.