समाधानाचें माप

शरीराचा ताप पाऱ्यावरून कळतो. मनाच्या तापालाही असा पारा असूं शकेल काय? उद्योग गेलेल्या मनुष्याविषयीं हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. कारण ज्या दुःखाचें माप नाहीं, त्याची दाद लागणें कठीण.

ऑस्ट्रियांत व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नांवाचें गांव आहे. तें सारें एका कापडगिरणीवर पोसलेलें होतें, आणि ती गिरणी १९२९-३० मध्यें बंद पडली. लाझार्सफेल्ड, मारी याहोडा व त्साइझेल यांनीं सहकाऱ्यांसह तेथील जीवन पाहून १९३३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचीं मापें साधीं होतीं. रस्त्यानें जाणाऱ्यांची चाल त्यांनीं घड्याळ लावून मोजली. पुरुष मंद चालत व वरचेवर थबकत; ज्यांचें घरकाम सुटलें नव्हतें त्या बायका मात्र लगबगीनें जात. वाचनालयांत पुस्तकें आतां विनामूल्य मिळत, वेळही मुबलक होता. तरी वाचन घटलें. दिवस कसा घालविला हें लिहावयास सांगितलें, तर पुरुषांना चार गोष्टीही आठवेनात. फुरसत हा कामामधला विसावा होय. कामच नसेल तर विसावा कशापासून घ्यावयाचा?

तथापि खरी अडचण पुढेंच आहे. गांवांतील बहुसंख्य कुटुंबें या संशोधकांना निमूट झालेलीं आढळलीं. घर नीटनेटकें, मुलांची आबाळ नाहीं, तक्रार नाहीं. परंतु उद्यांचा बेत नाहीं आणि आशाही नाहीं. अशा घराला 'कसें काय चाललें आहे?' असें विचारलें, तर 'बरें आहे' हेंच उत्तर यावयाचें!

डेव्हिड गोल्डबर्ग यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेली प्रश्नावली बेकारांच्या मनःस्थितीच्या अभ्यासांत पुष्कळ वापरली गेली. झोप, उमेद, आपण उपयोगी आहों ही भावना यांविषयीं ती विचारते. परंतु तुलना करावयाची ती 'नेहमीं'च्या स्थितीशीं. मग ज्याचें दुःखच नेहमींचें झालें, तो 'नेहमींप्रमाणेंच' असें उत्तर देऊन निरोग्यांत जमा होण्याचा संभव राहतो.

संतोष हा आपण सद्गुण मानतों, आणि तें योग्यच आहे. पण इच्छा स्वेच्छेनें आवरणें निराळें, आणि इच्छा करण्याचें बळच खुंटणें निराळें. पहिलें समाधान, दुसरें नुकसान. कागदावर दोहोंचा आंकडा एकच येत असेल, तर दोष त्या मुक्या माणसाचा नव्हे, मापाचा आहे. म्हणून बेकाराला 'आज कसे आहांत?' एवढेंच विचारून भागणार नाहीं; 'उद्यां काय करावेंसें वाटतें?' हेंही विचारलें पाहिजे. आणि तें विचारणाऱ्यानें उत्तराचा भार उचलण्याची तयारीही ठेविली पाहिजे.