पदवी ही एक साक्ष आहे

एक शिक्षक दिवसभर शाळेत शिकवितो. सायंकाळी घरी परततो, घरची कामे आटोपतो, इशाची नमाज अदा करतो आणि रात्री दहाच्या सुमारास शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा स्वाध्याय उघडतो. उद्या तो जमा करण्याची अखेरची तारीख आहे. एका सहकाऱ्याने गतवर्षीची उत्तरे मोबाईलवर पाठवून ठेवली आहेत. खोलीत पर्यवेक्षक नाही आणि विचारणारेही कोणी नाही. या घटकेला तो जे करील, तो केवळ शैक्षणिक शिस्तीचा प्रश्न आहे, की त्याच्या ईमानचाही?

काम करता करता शिकण्याची परंपरा आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत, श्रम करीत आणि शिकत. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही हकीकत येथे घरोघरी ठाऊक आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी १९१३ साली जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाने १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ उभे राहिले. नोकरी, शेती आणि संसार सांभाळणाऱ्यांसाठी उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे अधिक रुंद झाले.

हे दार किती मोलाचे आहे, ते पाटणच्या डोंगरातील वा जतच्या दुष्काळी वाडीवरील शिक्षकाला विचारावे. रजा घेऊन दोन वर्षे शहरात राहणे त्याला परवडत नाही. घर आणि शाळा अशी दुहेरी जबाबदारी वाहणाऱ्या आमच्या भगिनींना तर हा मार्ग वरदानच आहे. मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या समकक्ष आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत स्पष्ट केले आहे. तेव्हा अशी पदवी कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही.

इस्लामच्या दृष्टीनेही या मार्गात काहीच उणे नाही. आदरणीय उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या वस्तीत राहत होते. ते आणि त्यांचे एक अन्सारी शेजारी आळीपाळीने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत उपस्थित राहत. एक जण जाई, त्या दिवशीची वह्य व इतर वार्ता ऐकून येई आणि दुसऱ्याला सांगे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची पाळी असे. सहीह बुखारीच्या ज्ञानविषयक प्रकरणात हा प्रसंग आला आहे. उपजीविका न सोडता ज्ञान मिळविण्याची ही रीत होती आणि ती एका गोष्टीवर उभी होती: ऐकलेले जसेच्या तसे सांगणारा विश्वासू शेजारी. अंतर कितीही असो, मध्ये सचोटी असेल तर ज्ञान पोहोचते. ती नसेल तर समोर बसूनही पोहोचत नाही.

येथेच मूळ मुद्दा येतो. अरबी भाषेत प्रमाणपत्राला व पदवीला ‘शहादत’ म्हणतात. साक्षीलाही हाच शब्द आहे आणि आपल्या कलिम्याच्या ग्वाहीलाही हाच. पदवी म्हणजे समाजापुढे दिलेली साक्ष आहे. या व्यक्तीने इतका अभ्यास स्वतः केला, इतके लिखाण स्वतः केले, अशी ती ग्वाही असते. विद्यापीठ ती आपल्या शिक्क्याने देते, परंतु स्वाध्यायावर स्वतःचे नाव लिहून पहिली साक्ष देतो तो विद्यार्थीच. दुसऱ्याची उत्तरे, विकत घेतलेला प्रकल्प किंवा यंत्राकडून लिहून घेतलेला निबंध आपल्या नावाने दिला, तर ती खोटी साक्ष ठरते. आणि खोट्या साक्षीची गणना प्रेषितांनी (स.) महापापांमध्ये केली आहे.

यावर एक युक्तिवाद ऐकू येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘‘वीस वर्षे मी वर्गात उभा आहे. मूल कसे शिकते, हे पुस्तकापेक्षा मला अधिक कळते. स्वाध्याय ही नुसती औपचारिकता आहे. ती कशीही उरकली तर कोणाचे काय बिघडले?’’ अनुभवाचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्याला खरोखर येते, त्याला ते लिहावयास एखादी संध्याकाळच लागेल. जे लिहिताना अडते, ते बहुधा आपणास येते असे केवळ वाटत असते. शिवाय तीच पदवी रात्री जागून प्रामाणिकपणे मिळविणारा दुसरा कोणी त्याच पदोन्नतीच्या यादीत असतो. बिघडते ते त्याचे. आणि सर्वांत अधिक बिघडते ते वर्गातील त्या मुलाचे, ज्याला वाचन का जमत नाही हे ओळखण्याची विद्या गुरुजींनी न शिकताच शिकल्याचे कागदावर दाखविले.

मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला, तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या त्या राशीच्या आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारून, फसविणारा आपल्यातला नव्हे, असा इशारा त्यांनी दिला. सांगलीच्या हळदीच्या पेठेत वावरणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. पोत्याचे तोंड पाहून कोणी सौदा करीत नाही, आतला माल पाहतात. पदवीच्या पोत्यात मात्र हात घालून पाहणारे फार थोडे. म्हणूनच आतला माल खरा ठेवण्याचे दायित्व अधिक आहे.

मग वेतनवाढीसाठी शिकणे गैर आहे काय? मुळीच नाही. कुटुंबासाठी हलाल कमाई वाढविणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु हेतू (नियत) तपासत राहावे लागते. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक होते. आपल्या शिकविण्यामागे ईशप्रसन्नतेपेक्षा कीर्तीची ओढ अधिक आहे, असे त्यांना आढळले आणि १०९५ साली त्यांनी ते पद सोडले. सुमारे अकरा वर्षांनी ते नैशापूरला पुन्हा शिकवू लागले. ज्ञान तेच होते, हेतू शुद्ध करून घेतला होता. आपणास नोकरी सोडावयाची नाही. स्वतःला एवढेच विचारावयाचे आहे की, वेतनवाढ मिळालीच नाही, तर या अभ्यासातले काही माझ्या वर्गात उतरेल काय?

मोजमापाचाही एक प्रश्न आहे. स्वतःचे माप पुरेपूर घेणाऱ्या आणि इतरांना कमी मापून देणाऱ्यांचा पवित्र कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये कठोर निषेध आहे. शाळेच्या तासाला मुलांना फळ्यावरचे उतरवून घ्यावयास लावून आपला स्वाध्याय लिहिणारा शिक्षक वेतन पूर्ण घेतो आणि तास मात्र अपुरा मोजून देतो. दुसरीकडे घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे. एकाच्या पदवीत पत्नीचे, पतीचे वा वृद्ध आईचे कितीतरी कष्ट जमा असतात. त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने अभ्यासाच्या वेळा ठरवाव्यात.

ज्यांनी पूर्वी अशा मार्गाने पदवी मिळविली, त्यांनी काय करावे? समकालीन विद्वानांपैकी काहींचे मत असे आहे की, काम नीट येत असेल व नीट केले जात असेल, तर त्याचे वेतन हराम ठरत नाही. फसवणुकीबद्दल मात्र खरी तौबा हवी. तौबा म्हणजे केवळ पश्चात्तापाचे शब्द नव्हेत. जे शिकल्याची साक्ष दिली, ते आता तरी शिकावे. ते न उघडलेले पुस्तक कपाटातून काढावे. आपली उत्तरे पुढच्याला पाठविणे बंद करावे.

आपण अल्लाहला पाहत नसलो तरी तो आपणास पाहत आहे, या जाणिवेने वागण्यास ‘एहसान’ म्हणतात. रात्री दहा वाजता त्या खोलीत पर्यवेक्षक नव्हता, असे आपण प्रारंभी म्हटले. श्रद्धावंताला तसे म्हणता येत नाही.

अल्लाह आम्हा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि ते सचोटीने मिळविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.