चित्र सर्वांसाठी, मजकूर मालकाच्या हाती

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातल्या गाळ्यांमध्ये ऑटोमेशन म्हटलं की अजूनही यंत्रच डोळ्यांपुढे येतं. पण तिथला ताण आता यंत्राइतकाच बिलांवरही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. मोठ्यांचा नियम तीन वर्षांत गाळ्याच्या दारात पोचला. ऑर्डर येते, बिल बनतं, सरकारी पोर्टलकडून नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो, ई-वे बिल निघतं, मग टेम्पो वापीच्या दिशेने महामार्गाला लागतो. ही साखळी क्लाउडवर बसवणं शहाणपणाचं आहे. गाळ्याची वीज गेली तरी ती थांबत नाही.

ती बसवायचे दोन मार्ग आहेत. एक व्हिज्युअल डिझायनरचा: पडद्यावर चौकटी ठेवायच्या आणि बाणांनी जोडायच्या. दुसरा कोड एडिटरचा: तीच पावलं मजकुरात लिहायची. पहिला मार्ग नवशिक्यांचा आणि दुसरा जाणकारांचा, ही वाटणी मला मान्य नाही. चित्राचं काम वेगळं आहे, मजकुराचं वेगळं.

चित्राचं मोल डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाला समोर बसवलं की कळतं. चालू ई-वे बिल असेल तर ई-इन्व्हॉइस रद्द होत नाही. आधी ई-वे बिल रद्द करावं लागतं, आणि दोन्हींसाठी मुदत २४ तासांची. हे त्याला रोजच्या कामातून पाठ असतं. बाण उलटा काढला असेल तर तो लगेच बोट ठेवतो. तीच चूक कोडमध्ये असती तर त्याला दिसलीच नसती. ज्याला काम कळतं त्याला आराखड्यावर बोलता आलं पाहिजे, आणि चित्र त्याला तो हक्क देतं.

पण चित्रात सगळं दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या लॉजिक ॲप्स या क्लाउड सेवेतली ‘फॉर ईच’ची, म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी तीच पावलं पुन्हा चालवणारी, चौकट घ्या. दिवसभराच्या ऑर्डरींसाठी एकेक बिल काढायला ती वापरली, तर वेगळं काही सांगितलं नसताना एका वेळी २० फेऱ्या समांतर चालू शकतात. पडद्यावर मात्र एकच चौकट, एकच बाण. बिलाचा क्रमांक ‘मागचा अधिक एक’ असा काढला असेल, तर दोन फेऱ्यांच्या हाती एकच क्रमांक लागू शकतो. पोर्टल नोंदणी क्रमांक बनवतं ते विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून. त्यामुळे दुसरं बिल नाकारलं जातं आणि भरलेला टेम्पो उभा राहतो. अशी चूक दोन ऑर्डरींवर चाचणी घेताना निसटते आणि दिवाळीच्या गर्दीत उघडी पडते.

फेऱ्या समांतर चालवण्याचा हा मूळ स्वभाव मजकुरातही लिहिलेला नसतो, हे खरं. पण दुरुस्ती केली की मजकुरात एखाद-दुसरी ओळ वाढते, आणि फाइल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवली असेल तर ती कोणी, कधी आणि कशासाठी घातली हे वर्षभरानेही सापडतं. डिझायनरमध्ये तोच बदल सेटिंग्जच्या आड जातो. चित्र आधी होतं तसंच दिसतं. सॉफ्टवेअर एका आकृतीत मावत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. क्लाउड आल्याने त्यात फरक पडलेला नाही.

तरी चित्र आणि मजकूर या दोन्हींत वैर नाही. ॲमेझॉनची स्टेप फंक्शन्स ही सेवा डिसेंबर २०१६ मध्ये आली तेव्हा साखळी मजकुरात लिहायची आणि तिचं चित्र आपोआप उमटायचं. चौकटी ओढून साखळी बांधायची सोय २०२१ मध्ये आली, पण तिच्यातूनही तोच मजकूर तयार होतो. लॉजिक ॲप्समध्येही चित्रामागे जेसॉन या मजकुरी स्वरूपातली फाइल असते. ई-इन्व्हॉइसही पोर्टलकडे जेसॉनमध्येच जातं, त्यामुळे गाळ्यातल्या अकाउंटंटला हे नाव परकं नाही.

वसई-विरारमध्ये मजकूर हाती असण्याचा मुद्दा जास्त बोचतो, कारण इथलं संगणकाचं कौशल्य सकाळच्या लोकलने अंधेरी-गोरेगावला जातं. गाळ्याचं काम बाहेरचा कोणीतरी शनिवार-रविवारी करून देतो. पुढे त्याची नोकरी बदलते, फोन लागेनासा होतो. मागे उरलेलं चित्र काय घडतं ते सांगतं, असंच का ठरवलं ते सांगत नाही. साखळी त्याच्याच खात्यात असेल तर चित्रही हाती राहत नाही. कायद्यापुढे मात्र उत्तर मालकालाच द्यावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आराखडा चित्रावर ठरवा, काम करणाऱ्यांना समोर बसवून. चालू साखळीतला प्रत्येक बदल मात्र मजकुरात तपासा आणि कारणासह नोंदवा. ज्या साधनातून मजकूर बाहेर काढता येत नाही, ते कितीही सोपं असलं तरी घेऊ नका. काम सोपवतानाच फाइल आणि खातं दोन्ही गाळ्याच्या नावावर राहतील, हे लेखी ठरवून घ्या. मालकाला कोड वाचता आला नाही तरी चालेल; तो दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता येईल, एवढी सोय त्याच्या हातात असलीच पाहिजे.