एकाची निवड आणि बाकीच्यांचे ऋण

एखाद्या मुलास अजिंक्य करण्यासाठी त्याचे बालपण किती खर्ची घालावे, आणि तसे करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता आईबापांच्या विवेकाचा दिसतो. परंतु संस्था, कंपन्या आणि शहरेच्या शहरे हा उद्योग करू लागली म्हणजे तो समाजनीतीचा प्रश्न होतो. आम्ही लातुरात बसून हे लिहीत आहो. तेव्हा येथील वाचकांस उदाहरणासाठी फार दूर जावे लागणार नाही. तरीही आम्ही प्रथम मोटारींच्या शर्यतीकडे वळतो. कारण तेथे हा प्रश्न अगदी उघडा पडलेला दिसतो.

फॉर्म्युला वन ही या शर्यतींची सर्वोच्च पायरी. २०२५ सालापर्यंत तेथे १० संघ व २० जागा होत्या. २०२६ साली कॅडिलॅक हा अमेरिकन संघ आल्याने त्या २२ झाल्या. साऱ्या जगासाठी जागा एवढ्याच! त्यांच्या आशेने सात-आठ वर्षांची मुले कार्ट नावाच्या चिमुकल्या गाडीत बसू लागतात. पुढे फॉर्म्युला फोर, थ्री आणि टू अशा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि अखेरच्या परवान्यासाठी तीन वर्षांच्या कामगिरीतून ४० गुण मिळवावे लागतात. प्रत्येक पायरीवर इंजिन, टायर, यंत्रज्ञ आणि परदेशचा प्रवास यांचा खर्च वाढतच जातो. यामुळे पुष्कळदा मुलाचे कसब पारखले जाण्यापूर्वी बापाची थैली पारखली जाते.

हा अन्याय थोडा तरी दूर व्हावा असा एक प्रयत्न आपल्या देशात झाला. २०११ साली फोर्स इंडिया या संघाने होतकरू मुलांचा शोध घेतला, आणि निवडलेल्या तिघांत मुंबईचा जेहान दारुवाला हा एक होता. त्या वेळी त्याचे वय अवघे बारा-तेरा वर्षांचे. पुढे युरोपात राहून २०१९ साली फॉर्म्युला थ्रीत त्याने तिसरा क्रमांक मिळविला. रेड बुलच्या उमेदवार पथकात त्यास स्थान मिळाले. फॉर्म्युला टूमध्ये त्याने ४ शर्यती जिंकल्या. २०२२ साली मॅकलॅरेनची फॉर्म्युला वन गाडीही चाचणीसाठी चालविली. जागा मात्र मिळाली नाही, आणि तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई शर्यतींकडे वळला. आजवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच: २००५ साली नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली करुण चंढोक.

यात पैशाची उणीव हेच एक कारण असते, तर अमेरिकेचा अनुभव निराळा दिसता. तेथील लोगन सार्जंट २०२३ साली विल्यम्स संघातून उतरला आणि २०२४ च्या हंगामाच्या मध्यासच त्यास बाजूला केले गेले. कॅडिलॅकने आपल्या पहिल्या हंगामासाठी एक मेक्सिकन व एक फिनिश चालक घेतला. इंडीकारमध्ये अनेक शर्यती जिंकलेल्या कोल्टन हर्टा या अमेरिकन तरुणाच्या वाट्यास चाचणी-चालकाचे काम आले. अर्थात, जेथे जागाच मोजक्या आहेत तेथे बहुतेकांनी बाहेर राहावयाचे, हे आधीच ठरलेले असते. त्यास त्या मुलांचा दोष म्हणणे अन्यायाचे होय.

यावर कोणी म्हणेल की, एकाग्रतेवाचून श्रेष्ठत्व नाही. मागे फिरण्याची वाट ठेवणारा शिखर गाठीत नसतो. हा आक्षेप पोकळ नाही, आणि लहान मुलास मोठे ध्येय देणे हे आम्ही पाप मानीत नाही. परंतु एकाग्र होणे ही एक गोष्ट आणि सारे आयुष्य एका डावावर लावणे ही दुसरी. पहिली मुलाने करावयाची. दुसरी बहुधा वडीलधारी मंडळी त्याच्या नावाने करतात. बारा वर्षांच्या मुलाचा होकार हा खरा असला, तरी पुरा नसतो. त्यातील जो भाग अपुरा, तेवढी जबाबदारी निवडणाऱ्याच्या शिरावर येते. 'आम्ही संधी दिली, पुढे त्याचे नशीब' असे म्हणून ती उतरत नाही.

आमच्या मुलखातील तालमीस हे ऋण ठाऊक होते. लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडविले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. २०११ साली बिराजदारांचे निधन झाल्यावर त्यास लातूर जिल्ह्याचेच काका पवार यांनी आपल्या छायेखाली घेतले. त्याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकचे दार त्यास उघडले नाही. तरी पोलीस उपअधीक्षकाचे पद मिळाले. तालमीत सारेच केसरी होत नाहीत; पण कमावलेले शरीर, वस्तादाचा शब्द आणि पुढच्या पोरांस डाव शिकविण्याचा मान हे हरलेल्या मल्लाजवळही उरते.

आता लातुराकडे पाहावे. 'लातूर पॅटर्न' म्हणून जो अभ्यासक्रम महाराष्ट्रात गाजला, त्याच्या ओढीने गावोगावची मुले येथे खोल्या घेऊन राहतात आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत यशस्वी मुलांची छायाचित्रे झळकतात, आणि ती झळकावीत यात गैर काही नाही. पण फलकावर नसलेल्या मुलाचे काय झाले, ते कोणी विचारतो काय? त्यास येथे दोन वर्षांत असे काही मिळाले काय, की जे गुणपत्रिकेबाहेरही त्याचे राहील?

आमच्या मते, मुले घडविणाऱ्या कोणत्याही संस्थेची परीक्षा तिच्या विजेत्यांवरून पुरी होत नाही. विजेता पुष्कळदा आपल्या अंगच्या गुणानेही वर येतो. जो वर पोहोचला नाही, तो रित्या हाताने परतला की काही घेऊन, यावर संस्थेचे खरे मोल ठरते. मुलाची निवड करताना हा हिशेब जो आधी मांडील, त्यानेच दुसऱ्याच्या बालपणास हात घालावा.