विठाबाईंची भक्ती आणि गावाचं देणं

तमाशाचा खेळ सुरू होतो तो गणाने. ढोलकी कडाडते, हलगी-तुणतुणं साथीला येतं आणि पहिलं वंदन गणपतीला जातं. मग गवळण, बतावणी आणि रात्र चढत गेली की वग. ज्या खेळाचं नाव पांढरपेशा घरांत दबक्या आवाजात घेतलं जाई, त्याची मांडणी अशी देवापासून होते. खेळ रंगतो तोही बहुतेक वेळा गावदेवाच्या जत्रेत. दिवसा पालखी मिरवते, रात्री फड उभा राहतो. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला यात काही विसंगत वाटत नाही. पालखी देवाची, तसा तमाशाही देवाचाच.

मग तो करणाऱ्या माणसाला धर्माने कुठे बसवलं?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. नावात विठ्ठल, पण जन्म मांग समाजातला. त्या काळी विठ्ठलमंदिराचं दार त्यांच्यासारख्यांना बंद होतं. साने गुरुजींनी उपोषण केलं आणि १९४७ मध्ये ते उघडलं. तोवर विठाबाई साधारण बारा वर्षांच्या झाल्या होत्या. घरात तीन पिढ्यांचा तमाशा. आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो गाजवला. देवळाबाहेर ठेवलेल्या घरातलीच ही मुलगी पुढे गावोगावच्या जत्रांची राणी झाली.

त्यांची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असतानाही त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. आत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. केवढी ही कलेवरची भक्ती, असं म्हणून सांगणारा बहुधा इथेच थांबतो.

ही भक्ती होती का? कर्म करावं, फळाची आस धरू नये, असं गीता सांगते. पण फळ सोडण्याआधी ते हातात असावं लागतं, आणि थांबण्याची मुभाही असावी लागते. फडाची सुपारी घेतलेली असते. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाच्या, सामान वाहणारे गडी अशा सगळ्यांची चूल त्या रात्रीवर पेटते. अशा वेळी मालकीण उभी राहते तेव्हा त्याग कुठे संपतो आणि नाइलाज कुठे सुरू होतो, हे बाहेरच्याने ठरवू नये. विठाबाईंना निव्वळ अगतिक ठरवणं हाही अन्यायच आहे. आपल्या कलेचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कमावलेला होता.

पण गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. परत आलेल्या विठाबाईंचं पोट प्रेक्षकांना सपाट दिसलं. विचारपूस झाली, खरं काय ते कळलं आणि लोकांनीच मानाने खेळ थांबवला. तिकिटाचे पैसे मोजून आलेली, वगाची वाट पाहत बसलेली ही माणसं. धर्म नावाची काही गोष्ट त्या रात्री तंबूत घडली असेल, तर ती या माणसांच्या उठण्यातही होती. कलावंताची निष्ठा ही तिची स्वतःची. तिच्या देहाची काळजी मात्र समोर बसलेल्यांकडे येते.

पुढे आपण तेवढं उठलो नाही. विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० मध्ये असा दोनदा गौरव झाला, आणि तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणग्या जमवून भागवावं लागलं. २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. लेक मंगला बनसोडे यांनी फडाचा वारसा चालवला.

नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या आजही लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, तारखा बघतात, सुपारीवर घासाघीस करतात. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे जत्रा बंद राहिल्या. देवाची पूजा चार माणसांत का होईना झाली, फडांचे हंगाम मात्र बुडाले. जत्रेच्या वर्गणीत मंडप, वाजंत्री आणि शोभेच्या दारूचा खर्च धरलेला असतो. त्याच पावतीपुस्तकात थकलेल्या तमाशा कलावंतांच्या औषधपाण्यासाठी वेगळा हिस्सा काढायला कुठल्याही शास्त्राची आडकाठी नाही, आणि कमिटीच्या एका बैठकीत ते ठरू शकतं.