तयारी कोणती व ढोंग कोणतें?

कोणी पाहणारा येणार म्हणून जी तयारी आपण करितों, ती प्रामाणिकपणाची कीं ढोंगाची, असा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो. प्रभुभोजनाच्या उमेदवारांची परीक्षा जवळ आली म्हणजे एक म्हणतो, “मनुष्य आहे तसाच उभा करा, तयारी कशाला?” दुसरा म्हणतो, “चार उत्तरें पाठ करून घ्या, म्हणजे काम झालें.” आम्हांस या दोघांचेंही म्हणणें पटत नाहीं. कां, तें एका मुक्या जनावराच्या दृष्टांतानें सांगूं.

ब्रिटन देशांत डोंगराळ व माळरानाच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या तट्टांच्या देशी जाती आहेत: एक्समूर, डार्टमूर, वेल्श, हायलंड, शेटलंड इत्यादि. शेटलंडचें तट्टू ४२ इंचांहून उंच नसावें असा नियम आहे. तेथील कृषिप्रदर्शनांत या तट्टांची परीक्षा होते. परीक्षेच्या एका प्रकारांत तट्टावर कोणी बसत नाहीं. धनी दोरी हातीं धरून त्यास रिंगणांत आणितो. परीक्षक सर्वांस चालतांना पाहतो, मग एकेकास पुढें बोलावून मान, पाठ, पाय व खूर निरखितो. नंतर तट्टास त्याच्यापासून सरळ दूर नेतात व दुडक्या चालीनें परत आणितात. त्या वेळीं वांकडें पडणारें पाऊल लपत नाहीं. देशी तट्टू स्वाभाविक स्वरूपांतच दाखवावें, अशी रीत आहे. त्याच्या आयाळीच्या वेण्या घालीत नाहींत.

मग अशा तट्टाची पहिल्या प्रदर्शनासाठीं तयारी ती काय करावयाची? पुष्कळ करावयाची, पण ती महिनोन्‌महिने, रोज थोडी थोडी. त्यास म्होरकीची संवय लावावी लागते. दोरी न ओढतां त्यानें माणसाच्या खांद्याशीं चालावें, थांबविलें कीं थांबावें, चारी पायांवर नीट भार घेऊन उभें राहावें, परक्यानें पाय उचलला तरी बिथरूं नये, हें सर्व धीरानें शिकवावें लागतें. नालबंदाकडून वेळच्या वेळीं खूर साफ करून घ्यावे लागतात. फडफडणारीं निशाणें, कर्ण्याचा आवाज, गर्दी व गाडींत चढणें यांची ओळख घरींच करून द्यावी लागते. जें तट्टू चाबकाच्या भयानें स्थिर राहिलें, तें घरच्या अंगणांत शहाणें दिसेल; पण परक्या गर्दींत दुसरें मोठें भय येतांच पहिलें विसरेल. ज्याचा धन्यावर विश्वास आहे, तें तेथेंही त्याच्याकडे पाहील.

आतां दुसरी बाजू पाहा. कित्येक धनी प्रदर्शनापूर्वीं तट्टास सकस खाद्य चारून लठ्ठ करितात. चरबीखालीं अंगाची उणीव झांकते आणि कांहीं वेळां परीक्षकही भुलतो. परंतु या जाती रुक्ष गवतावर जगणाऱ्या. असें खाद्य झालें म्हणजे खुरांच्या आंत दाह होतो, जनावर वेदनांनीं पाऊल टाकीनासें होतें, व कधीं कधीं प्राणासही मुकतें. कित्येक तोंड रेखीव दिसावें म्हणून मुखावरील लांब केंस कातरितात. डोळ्यांस न दिसणारी तोंडाजवळील वस्तु जनावर त्या केंसांनीं चांचपतें. म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानें २०२१ सालापासून आपल्या स्पर्धांत ते कातरण्यास मनाई केली आहे.

यावरून आम्हांस तीन कसोट्या दिसतात. पहिली, परीक्षक निघून गेल्यावर काय उरतें? शांतपणें पाय देण्यास शिकलेलें तट्टू जन्मभर नालबंदास पाय देईल. दुसरी, या कृतीनें सत्य उघडें होतें कीं झांकतें? आदल्या दिवशीं घातलेलें स्नान टिकत नाहीं हें खरें. तरी चिखल धुतल्यानें आहे तेंच दिसतें, चरबीनें आहे तें दिसेनासें होतें. तिसरी, याची किंमत कोण देतो? बक्षिसाची फीत धन्यास मिळते आणि लंगडेपण मुक्या जनावराच्या वांट्यास येतें. तेथें पाप आहेच.

बंधुभगिनींनो, याच कसोट्या आपल्या घरीं लावा. सोयरीक पाहण्यास पाहुणे येतात तेव्हां अंगण सारवणें ही तयारी आहे. मुलाचें व्यसन किंवा घरावरील कर्ज लपविणें हें ढोंग आहे, आणि त्याची किंमत परक्याची लेक जन्मभर देते. उमेदवारानें उत्तरें पाठ केलीं, पण बांधावरून भावाशीं धरलेला अबोला तसाच राहिला, तर पाळकाची परीक्षा उतरली, एवढेंच झालें. ज्यानें सहा महिने घरीं प्रार्थनेची संवय लाविली व भावाच्या दारीं जाऊन समेट केला, तो उत्तर देतांना अडखळला तरी तयार आहे.

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरीं गेला, तेव्हां थोरल्या अलीयाबाची उंची पाहून हाच निवडलेला असें त्यास वाटलें. देव अंतःकरण पाहतो, हें त्यास तेथें शिकावें लागलें. दावीद तर त्या वेळीं घरींही नव्हता. तो रानांत मेंढरें राखीत होता. त्याची तयारी तेथेंच, कोणी पाहत नसतां, चालली होती. आपली तयारीही तशीच, परीक्षेचा दिवस ठरण्यापूर्वींच, आजपासून चालू असावी.