शेजारच्या मांडवावरचा दुधी



एप्रिल-मे महिन्यात मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात ज्या गप्पा रंगतात, त्यांतल्या निम्म्या तरी परसबागेच्या असतात. "तुमची भेंडी किती निघते हो?" "एक दिवसाआड किलोभर." "आमची कसली, पानं सगळी पिवळी पडली." "टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात." "दुधीचं विचारू नका, मांडव वाकलाय नुसता." आज आपल्यापैकी पुष्कळांचे पोट वाडीवर अवलंबून नाही. कुणी नोकरीवरून आल्यावर चार वाफ्यांना पाणी घालतो, कुणाच्या गच्चीवर दहा-बारा कुंड्या असतात. तरीही या दोन-चार किलो भाजीच्या बोलण्यात माणसाच्या मनाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे.

तो प्रश्न असा. सकाळी खुडलेली टोपलीभर भेंडी घरी भरपूर वाटत होती. शेजाऱ्याचा आकडा ऐकल्यावर तीच थोडी का वाटू लागते? काट्यावर तिचे वजन तेवढेच आहे. घरातली खाणारी तोंडेही तेवढीच आहेत. मग कमी काय झाले?

यावर आपले घाईचे उत्तर असते, "मत्सर, दुसरं काय!" आणि त्यावरचा घाईचा उपाय असतो, "दुसऱ्याचं बघूच नये, आपलं आपण बघावं." मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. थोडे थांबून विचार करू या.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. त्यात मत्सराचा विचार करताना त्याने एक बारीक निरीक्षण नोंदवले आहे. माणूस दूरच्याचा हेवा करत नाही, जवळच्याचा करतो. वय, जागा, प्रतिष्ठा, धंदा यांत जो आपल्या बरोबरीचा, त्याचे यश आपल्याला टोचते. हे किती खरे आहे ते पाहा. नाशिककडे एकरच्या एकर टोमॅटो पिकतो, ट्रक भरून बाजारात जातो. त्याने आपली झोप उडत नाही. पण कुंपणापलीकडच्या दहा रोपांना आपल्यापेक्षा चार टोमॅटो जास्त लागले, तर ते आपण घरातल्या खिडकीतून मोजतो. म्हणजे दुःख टोमॅटोचे नाही. ज्याच्याशी आपण स्वतःला तोलतो, त्याचे पारडे जड झाल्याचे ते दुःख आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार पुढे नेला. दुसऱ्याचे चांगले झालेले पाहून वाईट वाटणे हे सगळे एकाच जातीचे नसते, त्याचे चार प्रकार आहेत, असे ते 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात दाखवून देतात. हे चारही प्रकार आपल्या परसबागेत सापडतात.

पहिला प्रकार भीतीचा. दुसऱ्याच्या भरभराटीमुळे आपले नुकसान होईल म्हणून वाटणारे दुःख. समजा शेजाऱ्याने कूपनलिका खणली आणि त्याचा पंप दिवसभर चालू लागला. त्याची बाग भर उन्हाळ्यात हिरवीगार. इकडे आपल्या विहिरीचे पाणी तळाला गेले आणि मचूळ लागू लागले. आपल्या किनारपट्टीवर जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी प्रमाणाबाहेर उपसले की त्याची जागा खारे पाणी घेते, आणि ते कुणाच्या सातबाऱ्याची हद्द पाहून आत शिरत नाही. अशा वेळी शेजाऱ्याची हिरवी बाग पाहून मन खट्टू झाले, तर तो मत्सर नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे. तो पाठीमागे कुजबुजण्याऐवजी समोर बसून, चार जाणत्यांना घेऊन बोलायला हवा. खरी तक्रार असलेल्या माणसाला "तू जळतोस" असे म्हणून गप्प करणे हाही अन्यायच आहे.

दुसरा प्रकार उणिवेचा. त्याच्याकडे आहे याचे वाईट वाटत नाही, आपल्याकडे नाही याचे वाटते. संत थॉमस याला पाप मानत नाहीत. चांगल्या गोष्टीबद्दल ही चुटपुट लागली, तर ती स्तुत्यच आहे. याच चुटपुटीतून माणूस शिकतो. म्हणून "दुसऱ्याचं बघूच नये" हा उपाय मला पटत नाही. आवारातल्या गप्पा बंद झाल्या, तर आपल्या बागेतले निम्मे दुखणे आपल्याला कळणारच नाही. दुधीला फुले येतात पण फळ धरत नाही, असे एकजण म्हणतो. दुसरा विचारतो, "फुलामागे बोटाएवढा दुधी दिसतो का?" दिसत असेल तर ते मादी फूल, नुसता देठ असेल तर नर. उन्हाळ्यात नर फुले फार येतात. शिवाय दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, त्या वेळी मधमाशी घरी गेलेली असते. मग दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवायचे, की फळ धरते. टोमॅटोची फुलगळ उकाड्यामुळेही होते. रात्री तापलेल्या राहिल्या की त्याला फळधारणा नीट जमत नाही, मग माळी कितीही कष्टाळू असो. टोमॅटोचे बूड काळे पडत असेल, तर पाणी कधी पूर आणि कधी दुष्काळ असे होत नाही ना ते पाहायचे, कारण अनियमित पाण्याने फळाला चुना पोहोचत नाही. हे सगळे ज्ञान तुलनेतूनच येते. ज्याला शिकायचे आहे त्याच्या दृष्टीने शेजाऱ्याची बाग हे उघडे पुस्तक आहे.

तिसरा प्रकार लायकीचा. "तो वाडीत पायही ठेवत नाही, सगळं गडी बघतो, आणि पीक मात्र त्याला!" लबाडीने मिळवलेल्या वैभवाचा राग येणे योग्यच आहे. पण परसबागेत "लायकी" हा शब्द जरा जपून वापरायला हवा. आपल्या पिकात आपले किती? खुरपणी आपली, पाणी आपण घातले, हे खरे. पण मळईची माती कुठल्या तरी पूर्वजाने पाट्या वाहून टाकली. विहीर आजोबांनी खणली. बावखलात साठलेला पाऊस जमिनीत मुरला तो आपल्या सांगण्यावरून नव्हे. बियाणे कुठल्या तरी कृषी विद्यापीठातल्या माणसांनी वर्षानुवर्षे निवड करून तयार केले. 'परभणी क्रांती' भेंडीच्या नावातच तिचे गाव आहे. आणि ज्या हातांनी खुरपले ते हातही आपण घडवलेले नाहीत. कष्ट खरे आहेत, पण पीक हा कष्टांचा पगार नाही. कष्टांनी आपण पिकाला वाट करून देतो, इतकेच.

द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी आपल्याला तो थोडा खटकतो. पहाटे आलेल्या मजुरांनी एका दिनारावर आनंदाने काम स्वीकारले होते. त्या दिनारात त्यांचे घर त्या दिवशी चालणार होते. संध्याकाळी तासभर काम केलेल्यांच्या हातात तोच दिनार पडलेला दिसला, आणि तेवढ्यात त्यांचा स्वतःचा दिनार खोटा वाटू लागला. त्यांच्या मजुरीतला एक पैसाही कमी झालेला नव्हता. शेजारच्या घरातही आज चूल पेटणार, ही आनंदाची बातमी त्यांना तोट्यासारखी ऐकू आली. आपल्या टोपलीतल्या भेंडीचेही असेच होते.

चौथा प्रकार म्हणजे खरा मत्सर. इथे शेजाऱ्यामुळे आपले नुकसान झालेले नसते, आपल्याला त्याच्यासारखे व्हायचेही नसते, त्याने अन्यायही केलेला नसतो. त्याचे चांगले झाले, त्यामुळे आपण लहान दिसतो, एवढेच दुःख असते. त्याची ओळखण्याची खूण सोपी आहे. शेजाऱ्याच्या कारल्यांत अळ्या पडल्याचे कळल्यावर आपल्याला किंचित बरे वाटले का? वाटले असेल, तर तो हाच.

या चौथ्या प्रकाराचा हिशेब चुकीचा असतो, हे बागच आपल्याला शिकवते. फळमाशीचे उदाहरण घ्या. मादी कोवळ्या कारल्यात, काकडीत, शिराळ्यात अंडी घालते. आत अळ्या वाढतात, फळ सडून गळते, अळ्या मातीत शिरून कोष करतात, आणि पुढची पिढी उडते ती कुंपण ओलांडूनच. शेजाऱ्याच्या मांडवाखाली सडकी फळे पडून राहिली, तर पुढच्या पंधरवड्यात आपलीही फळे टोचली जाणार. गंधाचा सापळा एकट्याने लावून भागत नाही. त्यात फक्त नर सापडतात, आणि पलीकडे माश्यांची पैदास चालूच राहते. भेंडीच्या केवड्याचेही तसेच. पाने पिवळी पडली की त्या झाडावर औषध नाही. ते वेळीच उपटले नाही, तर पांढरी माशी तो रोग साऱ्या आळीत फिरवते. उलट त्याच्या काकडीच्या फुलांवर आलेली मधमाशी सकाळी आपल्याही भोपळ्यावर बसते. म्हणजे ज्याच्या नुकसानीने आपल्याला बरे वाटले, तेच नुकसान थोड्या दिवसांनी आपल्या दारात येणार आहे.

पण इथे थांबलो तर विचार अर्धाच राहील. कुणी म्हणेल, "फादर, म्हणजे शेजाऱ्याचं भलं चिंतायचं ते फळमाशीच्या भीतीने?" हा प्रश्न योग्य आहे. समजा माशीला कुंपण ओलांडता आले नसते, तर शेजाऱ्याचे वाईट चिंतायला हरकत नव्हती का? होतीच. चांगली गोष्ट कुंपणाच्या अलीकडे असो वा पलीकडे, ती चांगलीच असते. मांडवावर लोंबणारा कोवळा, लवदार दुधी हे जगात वाढलेले एक चांगले आहे. ते कुणाच्या नावावर आहे, याने त्याच्या चांगुलपणात भर पडत नाही की घट होत नाही. मत्सरी माणसाला एवढे साधे दिसेनासे होते. तो दुधीकडे पाहतो आणि त्याला दिसते ती फक्त स्वतःची उंची. ही त्याची खरी हानी, आणि ती शेजाऱ्याने केलेली नसते.

ज्याचा मांडव भरला आहे, त्याच्याकडेही एक जबाबदारी येते. मोबाईलवर भरलेल्या टोपलीचा फोटो पाठवायचा आणि उपटून टाकलेली पिवळी झाडे लपवायची, यात खोटे काही बोललेले नसते, पण पूर्ण खरेही सांगितलेले नसते. ऐकणाऱ्याला वाटते, सगळ्यांचे जमते, माझेच बिघडते. म्हणून पिकाबरोबर अपयशही सांगावे. कुठले बी उगवले नाही, कुठे सूत्रकृमींनी मुळांना गाठी आणल्या, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला धीर येतो. बी आणि युक्ती दडवून ठेवू नये. भेंडीचाच स्वभाव पाहा. शेंगा वेळेवर खुडल्या तर झाड नव्या शेंगा देत राहते. झाडावरच निबर होऊ दिल्या, तर नव्या शेंगा येणे मंदावते. दिल्याने आटते, हा हिशेब इथेही चुकतो.

बायबलमधला पहिला खून एका शेतकऱ्याच्या हातून शेतात झाला, आणि त्याची सुरुवात तुलनेत होती. पण खुनाच्या आधी एक क्षण आहे, तो आपण वाचताना ओलांडून जातो. काइनाचा चेहरा उतरला तेव्हा देवाने त्याला थांबवून त्याचे कारण विचारले होते. तेव्हा अजून काही बिघडले नव्हते. दुःख झाले होते, पण ते कुठल्या वाटेने जाणार हे ठरायचे होते.

आपलाही चेहरा असा उतरतो, घटकाभरच. त्या घटकेत स्वतःला विचारावे, हे चारांपैकी कुठले? भीती असेल तर शेजाऱ्याशी समोरासमोर बोलावे. उणीव असेल तर त्याला विचारून शिकावे. लायकीचा राग असेल तर आपल्या टोपलीत आपले किती, हे आधी मोजावे. आणि चौथे असेल, तर कुंपणापाशी जाऊन शेजाऱ्याला हाक मारावी आणि त्याचा दुधी चांगला झाला आहे हे त्याला मोठ्याने सांगावे. सुरुवातीला हे जड जाईल, कारण मनात अजून तसे नसेल. तरी सांगावे. दुधी खरोखरच चांगला झालेला असतो, त्यामुळे आपण खोटे बोलत नाही. पावसाळी भाजीचे बी पेरायला अजून थोडे दिवस आहेत. तोवर आपल्याकडच्या चांगल्या बियांच्या दोन पुड्या बांधाव्यात, एक स्वतःसाठी आणि एक पलीकडच्या वाडीसाठी.